कंदिलाचा हिशोब आणि लग्नसराईचं गिऱ्हाईक

सेलू तालुक्यातल्या एका खेड्यातून बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं विचारलंय ते थोडक्यात असं: "आम्ही पाच जण आहोत, तीन मुली आणि दोन मुलं. या दिवाळीत कामट्या आणि कागदाचे 200 आकाशकंदील केले. 60 रुपयाला एक, असे 140 विकले. सामानाला 4,400 रुपये लागले, म्हणजे 4,000 रुपये नफा झाला. त्यातली 1,500 उधारी यायची आहे. आता बारा महिने हाच धंदा करायचा विचार आहे. कोणती वस्तू चालेल? विश्वकर्मा योजनेतून 3 लाख मिळतात असं ऐकलं, ते कसे मिळवायचे? ऑनलाइन कसं विकायचं? घरचे म्हणतात, हे नाद सोडा आणि भरतीची तयारी करा."

तू माझ्या लेकाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते. मी अंबाजोगाईची. गोधड्या, रुखवत आणि अंतरपाट करून विकते, त्याला आता 18 वर्षं झाली. दर वर्षी कॉलेजची पाच-सात लेकरं माझ्याकडे हात बसवायला येतात. काहींनी पुढे स्वतःचं सुरू केलं, काहींनी एका हंगामात सोडून दिलं. सोडलेल्यांत हाताची कला नव्हती असं एकही नव्हतं. हिशोबात मेहनत धरायची राहून गेली, हेच प्रत्येकाचं झालं. तुझ्या पत्रातही मला तेच दिसलं, म्हणून तुझ्या तिन्ही प्रश्नांच्या आधी त्याबद्दल लिहिते.

तुझे 4,000 रुपये पुन्हा मोजू. 140 कंदील 60 रुपयांनी म्हणजे 8,400. त्यातून सामानाचे 4,400 वजा केलेस, बाकी 4,000. पण 1,500 अजून लोकांच्या खिशात आहेत. सामान आणायला दोनदा रेल्वेनं संभाजीनगरला गेलात, त्या येण्या-जाण्याला, खाण्याला आणि हमालीला 1,400 गेले, हे तूच पुढे लिहिलंयस. सेलूच्या बाजारात जागेचे, पावतीचे आणि बल्बच्या लायटीचे 600 गेले. हे सगळं वजा केलं तर आज हातात 500 रुपये राहतात. आणि एका कंदिलाला 50 मिनिटं लागली असंही तू म्हणतोस. 200 कंदिलांचे झाले 166 तास, विकायला बसलात ते धरलेच नाहीत. म्हणजे तुम्हा पाच जणांना तासाला 3 रुपये पडले. आमच्या भागात बाईला खुरपणीचा रोज 300 च्या आसपास आहे. आठ तास धरले तर तासाला साडेसदतीस. तुझी आई शेतात वाकून जे कमावते त्याच्या बाराव्या हिश्शावर तुम्ही रात्री जागून काम केलंत.

तुला नाउमेद करायला हे लिहीत नाही. 140 अनोळखी माणसांनी खिशातून पैसे काढून तुमच्या हातची वस्तू घेतली, ही लहान गोष्ट नाही. फक्त भाव चुकला होता.

भाव कसा काढायचा ते तुझ्याच कंदिलावर दाखवते. सामान 22. प्रवास 7. जागा-पावती 3. मेहनत, रोजाच्या हिशोबानं 50 मिनिटांचे 31. झाले 63. काही फाटतात, काही उरतात, त्यासाठी दहा टक्के धर, 6 रुपये. 69 झाले. पुढच्या हंगामाचं सामान घ्यायला गल्ल्यात काही राहायला हवं, त्याचे वीस टक्के, 14. म्हणजे 83. तुमचा कंदील 85 च्या खाली विकायचाच नाही. आणि दुकानदाराला ठेवायला दिला तर तो त्याच्यावर आपलं कमिशन लावणार, म्हणजे गिऱ्हाईकाला तो 120 ला पडणार.

आता तू म्हणशील, "ताई, 85 ला कोण घ्यायलंय? शेजारी प्लास्टिकचा 60 ला मिळायलाय." खरं आहे, त्या गिऱ्हाईकाला तुमचा कंदील विकला जाणार नाही. मग दोन वाटा राहतात. एक, ज्याला हातचाच हवा आहे ते गिऱ्हाईक शोधायचं. दुसरी, वेळ कमी करायचा. दुसरी वाट आधी धरा, कारण ती पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

एक फळी घ्या, दीड फूट लांब-रुंद. तिच्यावर कंदिलाच्या सांगाड्याचा षटकोन पेन्सिलनं काढा आणि प्रत्येक कोपऱ्यावर दोन-दोन खिळे अर्धे ठोका. कामटी त्या खिळ्यांच्या मधे बसवायची, कोपऱ्यावर दोऱ्याचे तीन वेढे, गाठ, पुढची कामटी. याला आम्ही फर्मा म्हणतो. फर्म्यावर बांधलेले सगळे सांगाडे एका मापाचे निघतात, आणि खरा फायदा तिथूनच सुरू होतो. सांगाडे एका मापाचे असले की कागद वीस-वीसच्या थप्पीनं एकदम कापता येतो. तुम्ही आता प्रत्येक कंदिलाला कागद लावून बघता, खूण करता, कापता, थोडा कमी पडला की पट्टी जोडता. निम्मा वेळ त्यातच जातो. शिवाय एकानं पूर्ण कंदील करायचा हे बंद करा. एकानं कामट्या तासायच्या, दोघांनी बांधायच्या, एकानं चिकटवायचं, एकानं झिरमिळ्या आणि तपासणी. माझ्याकडच्या पोरींचा अनुभव सांगते, पन्नास मिनिटांचं काम तिसाव्या मिनिटाला हातावेगळं होतं. मग मेहनतीचे 31 चे 19 होतात आणि तोच कंदील 67 ला परवडतो. अजूनही 60 ला नाही, हे लक्षात ठेव.

आता पहिला प्रश्न, कोणती वस्तू चालेल. कंदील बारा महिने चालणार नाही, ते तुलाही माहीत आहे. पण सगळे जण मग मोबाइल बघून ठरवतात. रेझिनचे दागिने, दोऱ्याच्या गाठींचं मॅक्रमे, कुठल्या तरी शहरात खपणाऱ्या मेणबत्त्या. त्याचं सामान आपल्याकडे मिळत नाही, शिकवणारं कुणी नाही आणि घेणारं गिऱ्हाईक चारशे किलोमीटरवर. मी उलटं विचारते. तुमच्या पंधरा गावांत आजही लोक हातच्या वस्तूवर पैसा कशाला खर्च करतात? बाजारहाटात पै-पैची घासाघीस करणारा माणूस कुठे सढळ हातानं देतो?

लग्नात. दिवाळी संपली, तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नतिथी सुरू होतात. म्हणजे तुमचा कंदिलाचा हंगाम जिथे संपतो तिथेच हा सुरू होतो, आणि मधल्या खाड्यांसकट उन्हाळ्यापर्यंत चालतो. रुखवत पूर्वी नवरीच्या मैत्रिणी, मावश्या, आत्या घरीच महिनाभर बसून करायच्या. रंगवलेल्या सुपाऱ्यांची सप्तपदी, मण्यांची तोरणं, क्रोशाचे रुमाल, फराळाच्या सजवलेल्या ताटल्या. आज नवरी नोकरीत किंवा कॉलेजात, मैत्रिणी चार गावांना. रुखवत मांडायची हौस मात्र गेलेली नाही, फोटो निघायला लागल्यापासून वाढलीच आहे. हे काम आता पैसे देऊन करून घेतात. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तरी अजून सगळीकडे तोच दिसतो. कामट्या, कापड, सूप, टोपल्या, माती यात काम करणाऱ्याला तिथे चांगली जागा आहे.

त्यातही सुरुवात अंतरपाटापासून कर असं मी सुचवीन. माझा हिशोब देते. कापड 180, रंग 90, काठाला खणाची पट्टी 60, झाले 330. एकाला सात तास लागतात, रोजाच्या हिशोबानं 263. बेरीज 593. खराबीचे आणि गल्ल्याचे धरून 780 च्या आसपास जातो. मी तो 1,100 ला देते आणि लोक खुशीनं घेतात, कारण त्यावर त्यांच्या लेकीचं आणि जावयाचं नाव असतं. नाव असलेली वस्तू दुकानात मिळत नाही, तिची तुलना कुणी करत नाही. आणि कंदिलापेक्षा मोठा फरक असा की हा माल आधी करून ठेवायचा नसतो. निम्मा विसार हातात आल्यावरच कापड फाडायचं. माळ्यावर काही उरत नाही.

नावं तोंडी सांगितलेली कधी घेऊ नका, पत्रिकेचा फोटो मागा. 'ऋतुजा'चं 'रुतुजा' झालं की अख्खा अंतरपाट तुमच्या गळ्यात, आणि मंगलाष्टकाच्या वेळी सगळ्या मांडवाला ते दिसतं.

चित्र काय काढायचं? राधा-कृष्ण आणि विठ्ठल-रखुमाई सगळेच काढतात, ते ठेवा. पण तुमच्या शेजारी जिंतूर तालुक्यात चारठाण्याची जुनी मंदिरं आहेत. एका रविवारी वह्या घेऊन पाच जणं जा, खांबांवरच्या वेलबुट्ट्या उतरवून आणा. मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात अशीच दोन दिवस बसले होते, सातवाहनांच्या काळातल्या मातीच्या बाहुल्यांसमोर. त्यांच्या केसांच्या रचना आणि गळ्यातल्या माळा मी आजही अंतरपाटाच्या काठाला वापरते. पुण्याकडची माणसं विचारतात, हे कुठलं डिझाइन? तेव्हा सांगायला आपल्याकडे आपल्या मुलखातली गोष्ट असते.

लग्न कुठे ठरलंय हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? पत्रिका छापणाऱ्याला. सेलूत, मानवतला, जिंतूरला जे दोन-तीन छापखाने आहेत तिथे तुमचा एक नमुना अंतरपाट भिंतीला लावा, खाली फोन नंबर. ऑर्डर आली की त्याला शंभर रुपये द्या, न मागता, त्याच दिवशी. माझ्या निम्म्या ऑर्डरी आजही अशा येतात. मंडपवाला आणि फोटोग्राफर त्यानंतर.

लग्नांच्या मधे संक्रांत आहे. संक्रांत ते रथसप्तमी घरोघर हळदी-कुंकू आणि प्रत्येक बाई पन्नास-शंभर वाणं वाटते. वीस-पंचवीस रुपयांत पडेल अशी वस्तू तिला एकगठ्ठा हवी असते. अंतरपाटाच्या उरलेल्या कापडाची आणि खणाच्या तुकड्यांची छोटी नाडीची पिशवी यात चालते. नमुने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या कॉलेजच्या मॅडम, अंगणवाडीच्या ताई, बँकेतल्या बाया यांना दाखवून झाले पाहिजेत. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात गेलात तर त्यांनी प्लास्टिकचे डबे घेऊन ठेवलेले असतात. पोळ्याला बैलांचे गोंडे आणि नवरात्रात कवड्यांच्या माळा, परड्या हीही कामं आहेत, पण त्यांचे जुने कारागीर आणि जुनी दुकानं ठरलेली आहेत. पहिल्या वर्षी तिकडे जाऊ नका.

एक गोष्ट मी नुकसान सोसून शिकले, ती सांगते. 2011 साली एका संस्थेच्या कार्यक्रमासाठी 60 कापडी पिशव्यांची ऑर्डर मिळाली. पांढऱ्या कापडावर लाल खादीची किनार. इतकी देखणी दिसत होती की मी रात्री उठून पुन्हा पुन्हा बघायचे. कार्यक्रमाच्या दिवशी पाऊस आला आणि लाल रंग पांढऱ्यावर उतरला, आतली कागदपत्रंसुद्धा गुलाबी झाली. पाहुण्यांच्या हातात त्या पिशव्या होत्या. मी पैसे परत केले, 6,000 रुपये, आणि त्या संस्थेनं पुन्हा कधी बोलावलं नाही. कापडवाल्यानं "रंग पक्का आहे" असं सांगितलं होतं, पण तपासायचं काम माझं होतं. तेव्हापासून माझ्या घरात नियम आहे. नवं कापड आलं की त्याचा वीतभर तुकडा पांढऱ्या ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवायचा. सकाळी फडकं उघडून बघायचं. जरासाही डाग दिसला तर ते कापड पांढऱ्याजवळ न्यायचं नाही, मग कितीही स्वस्त असो.

तसंच नाव लावतानाही जपा. यंत्रमागाचं, पैठणीसारखं दिसणारं कापड बाजारात मीटरवर मिळतं. त्याची पिशवी करा, पण तिला पैठणी म्हणू नका, "पैठणी काठाचं कापड" म्हणा. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे आणि पैठणला मागावर महिनोन्‌महिने बसणाऱ्या माणसाच्या पोटावर आपण पाय देता कामा नये.

तुझ्या पाच जणांत एक मुलगी तांड्यावरची आहे आणि तिची आजी आरशांचं, कवड्यांचं भरतकाम करते असं तू लिहिलंयस. "ते डिझाइन आम्हीही शिकून करू का?" हा तुझा प्रश्न मला आवडला, कारण बहुतेक जण विचारतही नाहीत, उचलतात. शिका. पण आजीला शिकवण्याचा रोज द्या आणि त्या भरतकामाच्या प्रत्येक नगावर तिचा ठरलेला हिस्सा वहीत लिहा. मी एका तांड्यावर गेले होते तेव्हा एका म्हातारीनं स्वतःच्या लग्नातली कांचळी, म्हणजे भरतकामाची चोळी, पेटीतून काढून माझ्या मांडीवर ठेवली. एकेका आरशाभोवती इतके बारीक टाके की बोट फिरवलं तरी धागा हाताला लागत नव्हता. मी किंमत विचारली. ती म्हणाली, "किती दिवस लागले ते मोजलंच नाही, माय, किंमत कशी सांगू?" तिची ती कांचळी एका व्यापाऱ्यानं 200 रुपयांना मागितली होती. तुमच्या मैत्रिणीच्या आजीचे दिवस तुम्ही मोजा. घड्याळ लावून बसा तिच्याशेजारी.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: मेहनत धरून भाव काढा, फर्मा करून वेळ कमी करा, आणि विसार घेऊनच लग्नाची कामं करा. आता कर्जाकडे येते.

पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. त्यात 3 लाख मिळतात हे अर्धं खरं आहे. आधी 1 लाख, 18 महिन्यांत फेडायचे. ते नीट फेडल्यावर पुढे 2 लाख, 30 महिन्यांत. व्याज 5 टक्के. त्याआधी पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, रोज 500 रुपये भत्ता आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं व्हाउचर. पण ही योजना 18 ठरावीक पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. कुंभार, शिंपी, टोपल्या-चटया-झाडू विणणारे, बाहुल्या आणि खेळणी करणारे वगैरे. तो व्यवसाय तुम्ही स्वतःच्या हातानं करत असायला हवा, वय 18 पूर्ण हवं आणि एका कुटुंबातून एकालाच. पाच मित्रांच्या गटाला ती मिळत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी खरोखर असं काम चालत असेल, शिवणकाम किंवा बुरूडकाम, तर त्यानं स्वतःच्या नावे जरूर अर्ज करावा. नुसता कागदावर शिंपी होऊन नको.

आणि पात्र असलात तरी आत्ता कर्ज घेऊ नका, हे मी ठामपणे सांगते. 1 लाख 18 महिन्यांत फेडायचे म्हणजे महिन्याला साडेपाच हजारांहून जास्त हप्ता. तुमच्या अख्ख्या दिवाळीतून हातात 500 आले आहेत. हप्ता परीक्षेच्या महिन्यातही येतो, पितृपक्षातही येतो. तो चुकला की बापाच्या सोयाबीनच्या पैशातून भरावा लागतो आणि मग घरात त्या धंद्याचं नाव काढायची सोय राहत नाही. तुमचं भांडवल म्हणजे ते 500, यायची 1,500 उधारी आणि गिऱ्हाईकाचा विसार. अंतरपाटाला एवढं पुरतं. दोन हंगाम वही नीट ठेवलीत, महिन्याला पंधरा-वीस ऑर्डरी येऊन हात कमी पडायला लागले, शिलाई मशीन घेतल्याशिवाय अडायला लागलं, की मग जिल्हा उद्योग केंद्रात जा. तिथे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या 25 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय अशा विशेष गटांना 35 टक्के अनुदान आहे. स्वतःचे अनुक्रमे 10 किंवा 5 टक्के घालावे लागतात. वही दाखवणाऱ्याशी बँकेचा साहेब वेगळ्या आवाजात बोलतो, हे मी अनुभवलंय.

पैशाआधी शिक्षण घ्या, ते फुकट मिळतं. प्रत्येक जिल्ह्यात बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिला आरसेटी म्हणतात. राहणं-जेवण धरून प्रशिक्षण मोफत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं तर मुख्यालयच आपल्या संभाजीनगरात आहे, सामान आणायला जाल तेव्हा एकदा चौकशी करून या. मुलींच्या आया उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटात असतील तर तिथूनही वाट आहे. गटाच्या नावानं सरस प्रदर्शनात जागा मिळू शकते, मुंबईला महालक्ष्मी सरस भरतं तिथे आपल्याकडच्या बाया जातात. कागदांचं म्हणशील तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर होते, सरकारी संकेतस्थळावर एक रुपयाही लागत नाही. कुणी दोन हजार मागत असेल तर तो माणूस सोडा. राज्यात वस्तू विकताना वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. परराज्यातली ऑर्डर आली की नियम बदलतात, तेव्हा एकदा सीएला विचारा.

ऑनलाइनबद्दल फार लिहीत नाही. मोठ्या संकेतस्थळांवर आत्ता जाऊ नका. कमिशन, परत आलेला माल, पॅकिंग, हे सगळं सांभाळायला तुमच्यापैकी एकाला कॉलेज सोडावं लागेल. व्हॉट्सॲपचं बिझनेस खातं उघडा, पंधरा चांगले फोटो टाका. फोटो सकाळी दहाच्या आत, सावलीत, पांढऱ्या भिंतीसमोर. गावातली जी माणसं पुण्याला, मुंबईला कामाला आहेत त्यांना ती यादी पाठवा. आमच्या गावचं लेकरू करतंय म्हटल्यावर पहिल्या दहा ऑर्डरी तिथूनच येतात. अंतरपाट घडी करून पोस्टानं जातो, फुटत नाही, हाही त्याचा एक गुण.

आता पाच जणांबद्दल. पैसे नसतात तोवर मैत्री टिकते, पैसे आले की वही लागते. एक शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक नगामागे कुणी किती वेळ दिला ते त्याच संध्याकाळी लिहा. आधी मेहनतीचे पैसे वेळेप्रमाणे वाटायचे, उरलेले गल्ल्यात. समान वाटणी करू नका. जो रात्री बारापर्यंत बसला आणि जो नुसता बाजारात आला त्यांना सारखेच दिलेत तर पहिला दिवाळीआधी निघून जाईल. एखाद्याला भरती लागली, एखादीचं लग्न ठरलं, तर तिला काय मिळणार, तेही आजच लिहून पाचही जणांनी सह्या करा. आणि एक, जे मी जीव तोडून सांगते. तुमच्याकडे मुली घरी बसून काम करतात आणि मुलं बाजारात विकतात, बरोबर? मग क्यूआर कुणाच्या फोनचा आहे? तुझा असणार. तो एका मुलीच्या खात्याचा करा. पोरीच्या खात्यात पैसे येतात हे तिच्या बापाला बँकेच्या मेसेजमधून कळलं की "हे नाद सोड" म्हणणारा आवाज खाली येतो. माझ्याकडच्या तीन पोरींचं शिक्षण याच एका कारणानं पुढे चालू राहिलं.

घरच्यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. पहिल्या वर्षी या धंद्यावर पाच जणांचं पोट चालणार नाही. लग्नसराईत प्रत्येकाला महिन्याला दीड-दोन हजार मिळाले तर काम नीट चाललंय असं समज. कुणाला भरतीची खरोखर ओढ असेल तर त्यानं पहाटे पळावं, अभ्यास करावा आणि संध्याकाळचे दोन तास इथे द्यावेत, दोन्ही जमतं. कुणाच्या घरी कर्ज डोक्यावर असेल, बहिणीचं लग्न तोंडावर असेल, तर त्याचं गणित वेगळं, त्यानं रोजाचं पक्कं काम सोडू नये. यात सगळ्यांना एकच सल्ला लागू होत नाही. पण पदवी अर्धवट सोडून मात्र कुणीच यात पडू नका.

राहता राहिले ते माळ्यावरचे 60 कंदील. पुढच्या दिवाळीसाठी ठेवू नका. ओलसर कामटीला भुंगा लागतो आणि खाली पिवळा भुसा पडायला लागतो. कागद काढून टाका, सांगाडे चार दिवस कडक उन्हात घाला. मग खणाचं किंवा हळदी रंगाचं कापड त्यावर ताणून बसवा. हळदीच्या मांडवात वर टांगायला असे कंदील लोक भाड्यानं घेतात, नगाला 15 रुपये एका दिवसाचे मी घेते. 60 नगांचे 900 झाले, आणि सांगाडे संध्याकाळी परत तुमच्याकडे. मंडपवाल्याकडे जाताना मोबाइलवरचा फोटो नेऊ नका, दोन तयार कंदील हातात घेऊन जा आणि त्याच्या दुकानातल्या बल्बवर लावून दाखवा. जाता जाता त्या 1,500 च्या उधारीवाल्यांची दारंही वाटेत असतील, तिथेही थांबा.